पार्किंगमधलं चार्जिंग अडवू नका: कोल्हापुरातील सोसायट्या आणि अपार्टमेंटच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व कमिटी सदस्य,
कोल्हापूर शहर आणि उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्था व अपार्टमेंट

सप्रेम नमस्कार.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते. त्या सभेची विषयपत्रिका तयार करण्याआधी आपण हे पत्र वाचावे, एवढ्यासाठी ते जाहीरपणे लिहितो आहे.

मी लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, राजारामपुरी, जवाहरनगर, फुलेवाडी, उचगाव अशा सगळ्या भागांतल्या इमारतींच्या मीटर रूममध्ये आणि पार्किंगमध्ये माझे काम चालते. अलीकडे जवळजवळ प्रत्येक इमारतीत एक अर्ज पडून असतो. कुणीतरी इलेक्ट्रिक स्कूटर किंवा कार घेतलेली असते आणि आपल्या पार्किंगमध्ये आपल्याच मीटरवरून एक चार्जिंग पॉइंट मागितलेला असतो. कमिटीचे उत्तर बहुतेक ठिकाणी सारखेच असते. "पुढच्या सभेत बघू." पुढच्या सभेत कुणीतरी आगीचे नाव काढतो, कुणीतरी लोडचे, आणि विषय पुन्हा पुढे जातो.

या मधल्या काळात गाडी चार्ज व्हायची थांबत नाही, हे मला आपल्यापुढे पहिल्यांदा ठेवायचे आहे. ज्याने दीड लाखाची स्कूटर किंवा दहा-बारा लाखांची कार घेतली आहे, तो ती उभी करून ठेवत नाही. तो गॅलरीतून खाली वायर सोडतो. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधल्या प्लगमधून निघालेली बारीक वायर ग्रीलमधून, सज्जावरून, पन्हाळीच्या पाइपला बांधत खाली येते आणि पार्किंगच्या फरशीवर ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डात संपते. त्या बोर्डाशेजारी पाण्याच्या टाकीचे झाकण असते, मुलांच्या सायकली असतात, पावसाळ्यात ओल असते. ज्यांची बॅटरी काढता येते, त्यात बरीचशी डिलिव्हरी करणारी भाडेकरू मुले आहेत, ती बॅटरी लिफ्टमधून वर नेतात आणि रात्रभर दाराजवळ चार्जिंगला लावून झोपतात. म्हणजे घरातून बाहेर पडायच्या एकमेव वाटेवरच.

आपण परवानगी नाकारता ती सुरक्षिततेसाठी, यात मला शंका नाही. पण नाकारली जाते ती चार्ज करण्याची सर्वांत सुरक्षित पद्धत, आणि शिल्लक राहतात त्या धोक्याच्या. म्हणून हे पत्र.

चार्जिंग म्हणजे काय, हे कमिटीतल्या प्रत्येकाला नीट माहीत असले तर निम्मे वाद होणार नाहीत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आपल्या मीटरमधून येते ती एसी वीज. बॅटरीत साठते ती डीसी. कुठेतरी एसीची डीसी करावी लागते. स्कूटरमध्ये हे काम बहुधा सोबत मिळालेला चार्जर करतो. कारमध्ये हे काम करणारा चार्जर गाडीच्या आतच असतो. भिंतीवरून तिला फक्त एसी द्यायची असते. हायवेवरच्या फास्ट चार्जरवर हे रूपांतर बाहेरच्या मोठ्या कपाटासारख्या यंत्रात होते आणि तयार डीसी थेट बॅटरीत जाते. म्हणून ते यंत्र मोठे, महाग आणि वेगवान असते. आपल्या पार्किंगमध्ये कुणीही ते यंत्र मागत नाही.

मागतात ते काय? स्कूटरच्या चार्जरला साधारण ६५० ते ९५० वॅट लागतात. कपड्यांची इस्त्री १,००० वॅटची असते आणि बाथरूममधला गिझर २,००० वॅटचा. इमारतीत संध्याकाळी चार गिझर एकदम लागले तर कमिटीची बैठक भरत नाही. स्कूटरच्या बॅटऱ्या बहुतेक २ ते ५ युनिटच्या असतात, आणि शहरातल्या रोजच्या तीसेक किलोमीटरला एक युनिटच्या आसपास वीज पुरते. महिन्याला झाले तीस युनिट. एवढ्यासाठी माणसाला वर्षभर अर्ज घेऊन फिरवणे मला पटत नाही.

कारच्या चार्जिंगचे दोन प्रकार आहेत. पहिला, गाडीबरोबर येणारी पोर्टेबल केबल. ती १६ अँपिअरच्या, ज्याला आपण पॉवर प्लग म्हणतो, त्या सॉकेटला लावायची. ती ३.३ किलोवॅटपर्यंत वीज घेते. ३० युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर भरायला दहा तासांच्या आसपास लागतात, पण पूर्ण रिकामी गाडी कुणीच घरी आणत नाही. रोजच्या तीस किलोमीटरला लागतात पाचेक युनिट, म्हणजे दीड ते दोन तास. दुसरा प्रकार भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स. त्याला ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते, वायर जाड लागते आणि बहुतेक वेळा मंजूर भार, म्हणजे त्या मीटरवरून एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येते ती मर्यादा, वाढवून घ्यावा लागतो. माझे प्रामाणिक मत विचाराल तर कोल्हापूरसारख्या शहरात, जिथे कसबा बावड्यापासून आर. के. नगरपर्यंतचे जाणे-येणेही फार नाही, तिथे बहुतेक घरांना पॉवर प्लगवरचे चार्जिंग पुरेसे आहे. वॉलबॉक्स ज्याला रोज इचलकरंजी, सांगली, निपाणी करावे लागते त्याने घ्यावा.

आता धोका नेमका कुठे आहे ते सांगतो, कारण भीती चुकीच्या जागी बसली आहे.

मिक्सर पाच मिनिटे चालतो. गिझर पंधरा-वीस मिनिटे. कारचा चार्जर १४ अँपिअर खेचत तासन्तास चालतो. वायरमध्ये करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. घरातल्या जुन्या प्लगचा एखादा स्क्रू सैल असेल तर मिक्सरला ते कळतही नाही. चार्जरखाली तोच स्क्रू रात्री दोन वाजता तापून प्लगचे बेकेलाइट काळे पाडतो. वितळलेले सॉकेट मी खूप बदलले आहेत. त्यांतले बहुतेक एक्स्टेंशन बोर्डातले होते किंवा पंखा-दिव्याच्या बारीक वायरवर जोडलेले होते. म्हणून कारच्या पॉइंटला मीटरपासून स्वतंत्र लाइन हवी, किमान ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची. वॉलबॉक्सला किमान ६ ची, आणि मीटर रूम लांब असेल तर १० ची. मध्ये जोड नको. टोकाला घरगुती पांढरा प्लग नको, एमसीबीसह (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) येणारा इंडस्ट्रियल सॉकेट हवा. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच हवा. माणसाच्या अंगातून करंट जायला लागला तर क्षणार्धात लाइन तोडणारी तीच एक वस्तू आहे. तिच्यावर पैसे वाचवायचा प्रयत्न कुणी करत असेल तर त्या पॉइंटला परवानगी देऊ नका. तिथे आपण नाही म्हणालात तर मी आपल्या बाजूने उभा राहीन.

अर्थिंगचे तर वेगळे सांगायला हवे. कारचा चार्जर अर्थिंग तपासतो. ते खराब असेल तर लाल दिवा लावतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. आपल्याकडच्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हेही कुणाला माहीत नसते; त्यावर फरशी बसलेली असते. मग कुणीतरी हुशारी करतो आणि प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाकतो. चार्जर फसतो, दिवा हिरवा होतो, मालक खूश होतो. पुढे कधी मागची न्यूट्रल सुटली तर तीच वीज गाडीच्या पत्र्यावर येते. शेजारी उभ्या असलेल्या कुणाही मुलाचा हात त्या दाराला लागू शकतो. हा प्रकार चोरून लावलेल्या चार्जिंगमध्येच होतो, कारण तिथे तपासायला कुणी नसते. कमिटीने परवानगी दिली, टेस्ट रिपोर्ट मागितला, तर अर्थिंगचा खड्डा आधी दुरुस्त करावा लागेल. त्याचा फायदा लिफ्टला, पाण्याच्या मोटारीला, प्रत्येक फ्लॅटला होईल.

बॅटरीच्या आगीबद्दल. २०२२ मध्ये देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या, त्या खऱ्या होत्या आणि लोकांची भीती निराधार नव्हती. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. एआयएस-१५६ या मानकातल्या सुधारणा १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एका सेलमध्ये बिघाड झाला तर तो साऱ्या पॅकमध्ये कसा पसरतो याची चाचणी, पाणी शिरू न देणे, सेलवर देखरेख ठेवणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, हे त्यात आले. म्हणून मान्यताप्राप्त गाडी आणि तिचाच चार्जर, अशी अट सोसायटीने जरूर घालावी. गॅरेजमध्ये जोडून घेतलेली बॅटरी, नाव-शिक्का नसलेला चार्जर, अपघातात आपटलेली बॅटरी, यांना पार्किंगमध्ये मनाई करावी. जिन्यात, लिफ्टच्या तोंडाशी आणि फ्लॅटच्या दारात चार्जिंग नको, हेही लिहून ठेवावे. असे नियम केलेत तर सदस्य ते पाळतील, कारण त्यांना हक्काची जागा मिळालेली असेल.

दुसरा आक्षेप लोडचा. समजा २४ फ्लॅटची इमारत आहे आणि उद्या प्रत्येकाकडे इलेक्ट्रिक कार आली. सगळ्यांनी एकाच क्षणी ३.३ किलोवॅटवर लावल्या तर भार होतो ७९ किलोवॅट. हा आकडा सभेत कुणी सांगितला की सगळे घाबरतात. पण रोज प्रत्येकाला लागणार पाच युनिट, म्हणजे सर्वांचे मिळून १२० युनिट. रात्रीच्या आठ तासांत ते विभागले तर सरासरी भार १५ किलोवॅट होतो. संध्याकाळी सहा ते दहा इमारतीत तसाही सर्वाधिक वापर असतो. त्या वेळात चार्जिंग टाळायचे आणि रात्री अकरानंतर पाळीपाळीने करायचे, एवढी शिस्त पुरते. बऱ्याच गाड्यांमध्ये चार्जिंगची वेळ आधी लावून ठेवता येते. शिवाय २४ गाड्या उद्या येणार नाहीत. आज दोन येतील, पुढच्या वर्षी पाच. तेवढ्या अवधीत इमारतीचा एकत्रित भार वाढवून घ्यायला महावितरणकडे अर्ज करता येतो, आणि तो एकेकट्याने करण्यापेक्षा सोसायटीने केला तर काम सरळ होते.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि माझ्या अनुभवात खरे भांडण इथेच असते. "तो आमच्या कॉमन मीटरवर गाडी चार्ज करतो." हा संशय एकदा पार्किंगमध्ये शिरला की वर्षानुवर्षे जात नाही. त्यावर स्वच्छ उपाय आहे. मीटर रूममधल्या ज्याच्या त्याच्या मीटरमधून त्याच्या पार्किंगपर्यंत लाइन न्यायची. बिल त्याचे त्यालाच येते. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागतो. घरगुती मीटरवर घरगुती दर. फक्त घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात, हे गाडीवाल्याने ध्यानात घ्यावे. महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घरात कारचे १५० युनिट आले तरी बेरीज तीनशेच्या आत राहते. ज्यांचा वापर आधीच जास्त आहे त्यांनी चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेतली तर परवडते का, हे कागदावर मांडून बघावे. राज्य वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी वेगळा दरगट २०१८ पासूनच ठेवला आहे.

जिथे पार्किंग वाटून दिलेले नाही, किंवा मीटर रूम पार्किंगपासून फार दूर आहे, तिथे एक-दोन सामायिक पॉइंट करून त्यांना सबमीटर लावावा. वापरेल त्याने युनिटप्रमाणे पैसे सोसायटीला द्यावेत. "आम्ही वीज विकली तर लायसन्स लागेल ना?" असे एका ज्येष्ठ सचिवांनी मला विचारले होते. प्रश्न रास्त होता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, ती वीजविक्री धरली जात नाही, त्यामुळे वीज कायद्याखालचा परवाना लागत नाही.

कायद्याच्या बाजूने आणखी दोन गोष्टी. मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरात किंवा कार्यालयात असलेल्या विद्यमान जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला मुभा आहे. आणि वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्राहकाला गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. नवे खांब किंवा केबल टाकावी लागणार नसेल तर नवीन जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर शहरांत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस ठरवली आहे. म्हणजे सरकारी नियमाप्रमाणे कोल्हापुरात जोडणी आठवड्यात मिळायला हवी, आणि आपल्या कमिटीची एक सही वर्षभर मिळत नाही. केंद्राच्या आदर्श इमारत नियमावलीत २०१९ पासून नव्या इमारतींमध्ये २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला आत्ताच विचारावे. स्लॅब पडण्याआधी पाइप टाकणे फार स्वस्त पडते.

"हायवेवर स्टेशने झाली आहेत की, तिकडे जाऊन चार्ज करा" असे सांगणारेही आहेत. पुणे-बेंगळुरू महामार्गावर फास्ट चार्जर आहेत आणि ते असायलाच हवेत. पुण्याला २३० किलोमीटर जायचे, आंबा घाटाने रत्नागिरी गाठायची, करूळ घाटाने कोकणात उतरायचे, तर त्यांची गरज लागते. पण रोजच्या चार्जिंगसाठी ती जागा नव्हे. तिथे युनिटचा दर घरापेक्षा बराच जास्त असतो आणि वर १८ टक्के जीएसटी. ३० किंवा ५० किलोवॅटच्या यंत्रावरही ८० टक्क्यांपर्यंत भरायला तासभर जातो. ८० च्या पुढे बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी गाडी स्वतःच करंट कमी करत जाते, म्हणून शेवटच्या वीस टक्क्यांसाठी तिथे ताटकळत बसण्यात अर्थ नसतो. दिवाळीत आणि मे महिन्यात रांग लागते ती वेगळीच. बॅटरीचे आयुष्य जपायचे तर रोजचे चार्जिंग सावकाश, थंड वेळेत, घरी झालेले बरे. स्कूटरवाल्याला तर ही सोय बहुतेक उपयोगाचीच नाही, कारण कारच्या फास्ट चार्जरचा प्लग स्कूटरला बसत नाही. ऑफिस सुटल्यावर रोज कावळा नाक्यापलीकडे जाऊन गाडी लावून बसा, असे आपण आपल्या शेजाऱ्याला सांगतो आहोत. स्वतःला कुणी सांगितले असते तर आपण ऐकले असते का?

आता जे फक्त आपल्या शहराला लागू आहे, आणि ज्याच्याविषयी कुणीच बोलत नाही, त्याकडे येतो. पूर.

२०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५० फुटांच्याही वर गेली. शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्कचा काही भाग, जयंती नाल्याकाठच्या इमारती, इथल्या पार्किंगमध्ये पाणी आले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. त्या वेळी इलेक्ट्रिक गाड्या शहरात नावापुरत्या होत्या. पुढच्या पुरात त्या प्रत्येक पार्किंगमध्ये असतील, आणि आपण त्याची तयारी केलेली नाही.

गाडीच्या बॅटरीवर आयपी ६७ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झाली आहे. आपल्याकडे पाणी अर्ध्या तासात उतरत नाही, दिवसेंदिवस उभे राहते, आणि ते नळाचे पाणी नसते. त्यात गाळ असतो, ड्रेनेज असते. अशा पाण्यात राहिलेली बॅटरी पाणी ओसरल्यावर काही दिवसांनीही तापू शकते. म्हणून पूररेषेतल्या इमारतींनी पॉइंट देताना उंची ठरवून द्यावी. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याचे डाग अजून अनेक खांबांवर दिसतात. जिथे शक्य आहे तिथे सॉकेट आणि एमसीबीची पेटी त्या डागाच्या वर बसवा. डाग छताला टेकत असेल तर पेटी जिन्याच्या पहिल्या वळणावर न्या आणि खाली फक्त सॉकेट ठेवा, जे वरून एका स्विचने बंद करता येईल. सगळ्या चार्जिंग लाइन तोडणारा एकच मुख्य स्विच हवा आणि तो पोहायला न लागता गाठता आला पाहिजे. पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला लागली की तो बंद करायचा आणि गाड्या उंचावर हलवायच्या, हे काम कुणाचे, त्याचे नाव वॉचमनच्या खोलीत लिहिलेले असावे. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. इमारतीपासून दूर मोकळ्यावर ओढून न्यायची आणि कंपनीच्या माणसाला बोलवायचे. गॅलरीतून सोडलेल्या वायरींच्या जंजाळात यातले काहीही होऊ शकत नाही. कुठली वायर कुठल्या घरातून आली आहे हे पुराच्या रात्री शोधणार कोण?

वायरिंग कसे करावे यावरही एक सूचना. प्रत्येकाने आपापला वायरमन आणून आपापला पाइप ठोकला तर पाच वर्षांत पार्किंगच्या छतावर दिसेल ते बघवणार नाही. सोसायटीने एकदाच मीटर रूमपासून पार्किंगभर केबल ट्रे टाकून घ्यावा. त्याचा खर्च सोसायटीने करावा किंवा वापरणाऱ्यांनी वाटून घ्यावा. पुढे जो जोडेल त्याने आपला वाटा भरावा. ट्रेमधून आपली केबल आणि टोकाचा बॉक्स हा खर्च ज्याचा त्याचा. पेट्या हव्या तशा मापात शिवाजी उद्यमनगरात पत्र्याच्या करून मिळतात, पावडर कोटिंगसकट. या शहराला असले काम नवे नाही. कुलूप लावता येईल असा बॉक्स घ्या म्हणजे दुसऱ्याने वापरल्याची तक्रार येणार नाही. भाडेकरूलाही परवानगी द्या. मालकाचे संमतिपत्र घ्या, पण नुसता भाडेकरू आहे म्हणून अडवू नका. सगळ्यात जास्त किलोमीटर डिलिव्हरी करणारी भाडेकरू मुलेच चालवतात.

गच्ची मोकळी असलेल्या सोसायट्यांनी सौरऊर्जेचाही विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, आणि त्या सामायिक वापरात गाड्यांचे चार्जिंग स्पष्टपणे धरले आहे. एक किलोवॅटच्या पॅनेलमधून उघडिपीच्या दिवसात चार युनिटच्या आसपास वीज मिळते. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या आभाळावर भरवसा नाही, पण उरलेल्या आठ महिन्यांत लिफ्ट, पाण्याची मोटार आणि चार-सहा स्कूटर यांची गरज त्यातून भागेल.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठेत ज्यांना पार्किंगच नाही, गाडी बोळात उभी असते, त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. तो महापालिकेच्या दारात मांडावा लागेल आणि मी तो स्वतंत्रपणे मांडणार आहे. पण ज्यांच्याकडे जागा आहे, मीटर आहे, अर्ज आहे, तिथे अडते ते फक्त आपल्या सहीवाचून.

तर माझी विनंती अशी. यंदाच्या सभेच्या नोटिशीत 'पार्किंगमधील चार्जिंग पॉइंटसाठी नियमावली मंजूर करणे' असा विषय घाला. 'परवानगीबाबत विचार करणे' असे लिहू नका, त्यावर विचारच होत राहतो. ठरावात लिहा की अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत कमिटी लेखी उत्तर देईल. काम लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच होईल. स्वतंत्र लाइन, आरसीसीबी, अर्थिंगचा टेस्ट रिपोर्ट आणि ठरलेली उंची बंधनकारक राहील. आणि ठराव झाल्यापासून तीन महिन्यांनी गॅलरीतून सोडलेली एकही वायर इमारतीत दिसता कामा नये. परवानगी आणि बंदी एकाच ठरावात असू द्या. सभेच्या आधी एखाद्या रविवारी आपल्या नेहमीच्या वायरमनला घेऊन मीटर रूम उघडा, अर्थिंगचा खड्डा शोधा, मंजूर भार किती आहे ते बिलावरून लिहून घ्या. एवढी माहिती सभेपुढे असली तर चर्चा अर्ध्या तासात संपते, हे मी होताना पाहिले आहे.

ज्या सोसायटीला ठरावाचा मसुदा हवा असेल, किंवा सभेत कुणीतरी येऊन समजावून सांगायला हवे असेल, तिथे मी मोबदला न घेता येईन. आपल्या भागातल्या कुठल्याही लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरला विचारलेत तर तोही येईल.

आपला विश्वासू,
एक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर
कोल्हापूर